अठरा पूर्ण झाल्यावर पालक कोण?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात खोली शोधत फिरणारी मुले नवी नाहीत. जालना, बीड, परभणीकडून कुणी कॉलेजसाठी येते, कुणी स्पर्धा परीक्षेसाठी, कुणी चिकलठाणा-शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला. सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत घरमालकांचे प्रश्न ठरलेले असतात: गाव कोणते, वडील काय करतात, डिपॉझिट कधी देणार? पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या फॉर्मवर कायमचा पत्ता लागतो, ओळखीच्या माणसाचे नाव लागते. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाची अडचण इथेच सुरू होते. त्याच्या आधार कार्डावर पत्ता असतो संस्थेचा, आणि त्या संस्थेत त्याला आता राहता येत नाही. बालगृहातल्या मुलांच्या शिक्षणाच्या कामात असताना अशा अडचणी मी वर्षानुवर्षे जवळून पाहत आले आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आपण राज्य सरकारच्या एका विभागावर सोपवून मोकळे झालो आहोत. पण अठरानंतर त्यांना जे लागते, ते बहुतेक सगळे महापालिकेच्या हातात असते. म्हणून अठरानंतरचे पालकत्व शहराने, म्हणजे महापालिकेने, घेतले पाहिजे.

आधी आजची व्यवस्था पाहू. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार मुलाचा निर्णय बाल कल्याण समिती करते. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती मुलाला बालगृहात पाठवते, नातेवाइकांकडे सोपवते किंवा दत्तकासाठी मोकळे करते. पुढची देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्षाची, आणि त्याच्या वर राज्याचा महिला व बालविकास विभाग. अठरा पूर्ण झाले की मूल बालगृहाबाहेर. त्याला आर्थिक मदत देण्याची तरतूद कायद्याच्या 46 व्या कलमात आहे, पण ती मुभेच्या स्वरूपाची. मुलाला हक्काने मागता येईल अशी नाही. अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या सांभाळाची, सोय 21 वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून 23 पर्यंत देता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये धरलेले आहेत. कागदावर हे वाईट नाही. प्रत्यक्षात मात्र वेळेचा घोळ होतो. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या किती मुलांच्या दाखल्यावर 1 जून लिहिलेले असते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हे मूल कायद्याने सज्ञान होते. आईवडिलांच्या घरातल्या मुलासाठी त्याच आठवड्यात सगळे घर कामाला लागते. याने त्याच आठवड्यात राहायची जागा शोधायची असते.

राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या एका तरुणीने स्पर्धा परीक्षेतल्या अडचणीचा पाठपुरावा केला, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण आणले. हे मोठे पाऊल होते. पण आरक्षण उपयोगी पडते ते परीक्षेपर्यंत पोचलेल्याला. तिथवर पोचेपर्यंतची चार-पाच वर्षे खायचे काय, राहायचे कुठे, ताप आला तर दवाखान्यात सोबत कोण येणार, हे प्रश्न तसेच राहतात. महिना 4000 मध्ये खोलीचे भाडे आणि मेसचा डबा यांतला एकच खर्च जेमतेम भागतो. आता शहराकडे काय आहे ते पाहा. जन्माची नोंद महापालिकेकडे. आरोग्य केंद्रे तिची. अभ्यासिका तिने चालवायच्या. 2019 पासून धावणारी स्मार्ट बस शहराची. बेघरांचे रात्रनिवारेही महापालिकाच चालवते. म्हणजे हाच मुलगा फुटपाथवर आला की महापालिका त्याला जागा देणार. तो फुटपाथवर येऊ नये म्हणून मात्र तिच्यावर काही बंधन नाही. वास्तविक राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण स्पष्टपणे नोंदवलेले आहे.

इंग्लंडमध्ये ही जबाबदारी स्थानिक कौन्सिलची आहे. 2000 आणि 2017 च्या कायद्यांनी ती वाढत गेली. सरकारी देखरेखीत वाढलेल्या तरुणाला पंचविशीपर्यंत कौन्सिलचा एक सल्लागार माणूस मिळतो, आणि त्याला कोणकोणत्या सोयी मिळतील हे कौन्सिलला जाहीर करावे लागते. बऱ्याच कौन्सिलांनी अशा तरुणांचा स्थानिक कर माफ केला आहे. वेल्सने तर 2022 मध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेल्या अशा मुलांना दोन वर्षे महिना 1600 पौंड देण्याचा प्रयोग सुरू केला. यावर कुणी म्हणेल, एवढे करूनही तिथले चित्र कुठे चांगले आहे? आक्षेप खरा आहे. इंग्लंडमध्ये 19 ते 21 वयाच्या अशा तरुणांपैकी शंभरात चाळिसाच्या आसपास ना शिक्षणात असतात ना नोकरीत. पण हा आकडा आपल्याला कळतो तोच मुळी कौन्सिलला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो म्हणून. अठरानंतर मूल कुठे राहते, काय करते, हे तिला विचारत राहावे लागते. आपल्याकडे तसे विचारण्याची जबाबदारी कोणत्याही महापालिकेवर नाही. अपयश मोजणारी व्यवस्था निदान सुधारू शकते.

सर्वांत मोठा आक्षेप पैशाचा. ज्या शहरात नळाला पाणी यायला आठवडा उलटतो, तिथे हे नवे ओझे कशाला? माझे उत्तर असे की हे ओझे फारसे नवेही नाही आणि जडही नाही. महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा, असा नियम आहेच. शिलाई मशीन वाटप आणि अल्पमुदतीचे प्रशिक्षण वर्ग यांच्या शेजारी या मुलांसाठी एक ओळ घालायला हरकत कसली? शिवाय बरीचशी मदत पैशाची नाहीच. बसचा मोफत पास, अभ्यासिकेत राखीव जागा, आणि घरमालकासमोर ठेवता येईल असे झोन कार्यालयाचे पत्र, एवढ्यानेही पहिले वर्ष निभावते. उरतो प्रश्न खोल्यांचा. त्यासाठी मोजक्या खोल्यांचे वसतिगृह लागेल. शहराच्या लोकसंख्येपुढे दरवर्षी अठरा पूर्ण करणारी बालगृहातली मुले मूठभर असतात.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. आईवडील असूनही हलाखीत राहणारी मुले शहरात हजारोंनी आहेत. मग यांचेच लाड का? कारण ही मुले बालगृहात आली ती सरकारच्या आदेशाने. समितीने सही करून त्यांचे पालकत्व आपल्याकडे, म्हणजे समाजाकडे, घेतले. घेतलेले पालकत्व वाढदिवस पाहून टाकून देता येत नाही. शिवाय मनात आले की आपण हे मान्य करतोच. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने 5 लाखांची ठेव ठेवली, आणि केंद्राने 23 व्या वर्षी 10 लाख रुपये हाती पडतील अशी योजना आखली. अठरा ही रेघ अपुरी आहे, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावे लागले नाही. मग अपघाताने, क्षयाने, दारूने किंवा कर्जाने ज्यांचे घर मोडले, त्यांच्यासाठी तीच रेघ पुरेशी कशी? काही कार्यकर्ते म्हणतात की मुळात बालगृहेच कमी करून मुलांना नात्यातल्या घरांत वाढवावे. मला ते पटते. बालसंगोपन योजनेतून त्यासाठी महिना 2250 रुपये मिळतातही. पण तेही अठराला थांबतात, आणि म्हातारी आजी तेव्हा आणखी म्हातारी झालेली असते.

आपल्या महापालिकेत नगरसेवकांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढे कैक वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात असले प्रश्न सभागृहात मांडायला माणूसच नव्हता. म्हणूनच मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी हवी. सतरावे वर्ष लागले की बाल संरक्षण कक्षाने मुलाच्या संमतीने त्याची माहिती महापालिकेला द्यावी. प्रत्येक झोन कार्यालयात एका अधिकाऱ्याकडे ही मुले नावानिशी सोपवावीत. दरवर्षी अर्थसंकल्पासोबत एक पान जोडावे: यंदा किती मुले बाहेर पडली, किती शिकताहेत, किती कमावताहेत, कितींचा ठावठिकाणा लागत नाही. त्यात एकाही मुलाचे नाव नको, पण जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे. मते मागायला गारखेड्यात येणाऱ्या प्रत्येकाला रस्त्या-पाण्याबरोबर या पानाचाही जाब विचारायला हवा. या मुलांच्या वतीने तो विचारणारे दुसरे कुणी नाही.