सुटें टोंक

जुनें घर आणि जुनें संगणकांचें जाळें यांत एक मोठें साम्य आहे. दोन्ही कोणा एकानें बांधलेलीं नसतात. ज्याला जशी गरज पडली तशी त्यानें भर घातलेली असते, आणि निस्तरावें लागतें मात्र मागून येणाऱ्यास.

आमच्या कचेरींतील जाळ्याची देखभाल गेलीं कांहीं वर्षें माझ्याकडे आहे. तारेची सलग लांबी १०० मीटरांहून अधिक नसावी असा नियम. पण आमची एक तार जिना, गच्ची आणि दप्तरखाना पालथा घालून किती मीटर जाते, हें मोजण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं. नवी सामग्री मागावी तर साहेबांचें उत्तर ठरलेलें: “चालतंय ना? मग चालूं द्या!”

गेल्या मार्चअखेरीस, ऐन पगारपत्रकाच्या दिवशीं, तें चालेनासें झालें. एकामागून एक सारे संगणक मुके झाले. मीं यंत्रें बंद केलीं, पुन्हां चालू केलीं, तारा उपटल्या, पुन्हां खोंवल्या. दुपारीं तीन वाजतां उलगडा झाला. एकाच तारेचीं दोन्ही टोंकें एकाच स्विचमध्यें बसलेलीं! १९७३ सालीं जन्मलेल्या ईथरनेटच्या निरोपाला आयुर्मर्यादा नसते. सर्वांना उद्देशून केलेला पुकारा अशा वर्तुळांत शिरला कीं त्याच्या प्रतींवर प्रती निघून फिरत राहतात, आणि कामाच्या निरोपांना वाटच उरत नाहीं. रेडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालींच यावर तोड काढली: यंत्रांनींच वर्तुळ ओळखून त्यांतील एक वाट मिटून ठेवावी. पण ती सोय असलेला स्विच थोडा महाग पडतो, आणि आमचा तर ‘चालत’ होता!

चौकशीअंतीं कळलें कीं, सारी कचेरी ज्यांना मामा म्हणते त्या आमच्या वृद्ध शिपायांनीं सकाळीं केर काढतांना एक लोंबतें टोंक पाहिलें आणि रिकाम्या खांचेंत नीट बसवून दिलें. सर्वांदेखत मी त्यांना नाहीं नाहीं तें बोललों. ते एवढेंच म्हणाले, “कुणाच्या पायांत येईल, म्हणून बसवली हो.”

सायंकाळीं तारा आवरतां आवरतां मला आठवलें. तें टोंक लोंबत ठेवणारा मीच होतों. दोन महिन्यांपूर्वीं एक बिघडलेला संगणक हलवितांना ‘उद्यां पाहूं’ म्हणून सोडलें, तें तसेंच राहिलें. साहेबांच्या तोंडची जी चालढकल मला झोंबत होती, तीच माझ्याही हातीं होती.

दुसऱ्या दिवशीं मीं मामांची क्षमा मागितली. एकांतांत मागणें सोपें होतें; पण अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून क्षमाही चारचौघांतच मागितली. मामा ओशाळून हंसले आणि चहा आणावयास निघून गेले. परत आल्यावर हळूच म्हणाले, “आतां लोंबती तार दिसली तर काय करूं हो?”

“मला हांक मारा,” मीं म्हटलें.

नवा स्विच अद्याप आलेला नाहीं. प्रत्येक तारेला कोठून कोठें जाते याची चिठ्ठी मात्र लागली आहे. आणि त्या चिठ्ठ्यांवरचें अक्षर मामांचें आहे.