गुडघा, किंमत आणि सेकंड बेस

सिअ‍ॅटलमध्ये नोव्हेंबर लागला की पाऊस आणि सेकंड बेसमनची चर्चा दोन्ही एकदमच सुरू होतात. मोसम संपलेला असतो, मैदानावर कुणी नसतं, आणि नेमकं तेव्हाच बेसबॉलवर सगळ्यात जास्त बोललं जातं. सिअ‍ॅटल मरिनर्स या आमच्या संघाने पुढच्या वर्षासाठी कोण आणावा? पिचर घडवण्यात या संघाचा हात धरणारे थोडेच. सेकंड बेसची जागा मात्र इथे वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीसारखी आहे, दर पावसाळ्यात नवा बिऱ्हाडकरू.

मी संख्याशास्त्राची. बेसबॉलचे आकडे तपासायचे आणि पुढच्या मोसमात कोण कसा खेळेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. त्यामुळे हिवाळ्यात ओळखीचे लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग, कोणाला घ्यायचं?’ उत्तर देण्याआधी ही जागा काय आहे ते सांगायला हवं, कारण क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती पटकन दिसत नाही.

बेसबॉलचं अंतर्गत मैदान हा ९० फूट बाजूचा चौकोन. सेकंड बेसमन उभा राहतो तो पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात. दुसऱ्या बेसच्या पलीकडचा त्याचा जोडीदार म्हणजे शॉर्टस्टॉप. शॉर्टस्टॉपला पहिल्या बेसवर लांबून थ्रो करावा लागतो, म्हणून दांडगा हात त्याच्याकडे लागतो. सेकंड बेसमनचा थ्रो जवळचा. पाय चपळ, नजर तेज, पण हात थोडा कमी पडतो अशा शॉर्टस्टॉपना इकडे सरकवलं जातं. सेकंड बेस खेळायचाच म्हणून लहानपणापासून ठरवलेली मुलं फार नसतात.

जागा दुय्यम वाटली तरी सोपी नाही. एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या डबल प्लेमध्ये शॉर्टस्टॉपकडून आलेला चेंडू सेकंड बेसमन बेसवर पाय ठेवून घेतो, अंगाला पीळ देऊन वळतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. या सगळ्यात पहिल्या बेसकडून अंगावर धावून येणारा खेळाडू त्याला धड दिसतही नसतो. पूर्वी धावपटू मुद्दाम पायांत घुसत. २०१५च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीने असा घसरून धक्का दिला आणि मेट्सचा शॉर्टस्टॉप रुबेन तेहादा याचा पाय मोडला. त्यानंतर, २०१६ पासून, अशा घुसखोरीवर नियमाने बंदी आली. तरी गुडघे झिजायचे ते झिजतातच. गुडघ्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाजार. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. मेजर लीगमध्ये खेळाडूची सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो मूळ संघाला बांधलेला असतो. त्यातली पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर जातात, नंतर लवादाकडे जाऊन थोडा वाढवून घेता येतो. सहा वर्षं भरली की तो मोकळा. बहुतेकांच्या बाबतीत तोवर तिशी आलेली असते. फलंदाजाचा सर्वोत्तम काळ साधारण सव्वीस ते अठ्ठावीस. म्हणजे खुल्या बाजारात मिळतो तो माल बहुधा उताराला लागलेला, आणि किंमत मात्र शिखरावरची. मोकळ्या खेळाडूवर पैसे ओतायचे नसतील तर दुसरी वाट अदलाबदलीची. त्यात पैशांऐवजी आपली होतकरू पोरं द्यावी लागतात.

सिअ‍ॅटलचा इतिहास या दोन्ही वाटांनी भरलेला आहे. २००० सालचा हिवाळा घ्या. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ दहा वर्षांच्या २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला निघून गेला. शहरात सुतक. त्याच हिवाळ्यात जपानहून इचिरो आला, आणि त्या गडबडीत ब्रेट बून नावाच्या सेकंड बेसमनशी एक वर्षाचा, साडेबत्तीस लाख डॉलरचा करार झाला तो बातम्यांच्या कोपऱ्यात गेला. बूनचा आधीचा मोसम सॅन डिएगोत गुडघ्याच्या दुखापतीने अर्धवट राहिला होता. पुढच्या वर्षी याच बूनने ३७ होमरन मारले, १४१ धावा फलंदाजीतून घडवल्या आणि मरिनर्सनी ११६ सामने जिंकून १९०६ सालच्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. पुढे त्या काळातल्या अनेकांप्रमाणे बूनच्याही नावामागे उत्तेजकांची कुजबुज लागली. त्याने ती नाकारली. मी तिच्यावर काही बांधत नाही, पण तो काळ मनात ठेवूनच ते आकडे वाचते.

तेरा वर्षांनी नेमका उलटा प्रयोग झाला. डिसेंबर २०१३ मध्ये यांकीजचा रॉबिन्सन कॅनो दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलरवर आला. वय ३१. त्या काळातला सर्वोत्तम सेकंड बेसमन, यात वाद नाही. ‘कॅनो फसला’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी भांडते. २०१६ मध्ये त्याने ३९ होमरन मारले, २०१७च्या ऑल-स्टार सामन्याचा मानकरी तोच. पण दहा वर्षांच्या करारात शेवटची पाच वर्षं ही पहिल्या पाचांची फेड असते, हे सही करतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. मे २०१८ मध्ये बंदी असलेल्या औषधापायी त्याच्यावर ८० सामन्यांची बंदी आली. वर्षअखेरीस उरलेला करार मेट्सच्या गळ्यात घालताना सिअ‍ॅटलला त्याच्याबरोबर एडविन डियाझ हा त्या वर्षी ५७ सामने राखणारा अखेरचा पिचर द्यावा लागला, वर २ कोटी डॉलरही. बदल्यात आलेल्या तरुणांमधला सगळ्यात गाजलेला जॅरेड केलेनिक इथे रुजला नाही.

मेट्सबरोबरचा हा व्यवहार करणारे जेरी डिपोटो २०१५ पासून सिअ‍ॅटलच्या खेळाडू-व्यवहारांच्या खुर्चीत आहेत. अदलाबदलीचा त्यांना भारी सोस. २०१८च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या हिवाळी बैठकीत तब्येत बिघडून ते इस्पितळात दाखल झाले, आणि तिथल्या खाटेवरूनच तीन संघांमधला एक व्यवहार त्यांनी पार पाडला.

पुढे, २०२१ पासूनच्या तीन हिवाळ्यांत तीन सेकंड बेसमन आले, आणि माझ्या दृष्टीने खरा धडा तिथे आहे.

२०२१च्या हिवाळ्यात बाजारात मोठी नावं होती. मार्कस सिमिएनने त्या मोसमात ४५ होमरन मारले होते, सेकंड बेसमनसाठी तो विक्रमच. तो सात वर्षांच्या साडेसतरा कोटींवर टेक्सासला गेला. ट्रेव्हर स्टोरी सहा वर्षांच्या १४ कोटींवर बॉस्टनला. सिअ‍ॅटलने अदलाबदलीत अ‍ॅडम फ्रेझर आणला. फ्रेझरची त्या वर्षाची सरासरी होती ०.३०५, म्हणजे दर हजार संधींत ३०५ हिट. आकडा देखणा. पण त्याच्या बॅटवरून निघणाऱ्या चेंडूला वेग नव्हता. हल्ली प्रत्येक मैदानावर कॅमेरे असतात आणि प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजला जातो. ताशी ९५ मैलांच्या वर गेलेला फटका हा फलंदाजाचा स्वतःचा. हळू जाणारा चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटला तर हिट, नाही तर बाद. आणि तो निसटेलच याची हमी कुणी देत नाही. २०२२ मध्ये फ्रेझर ०.२३८ वर आला. त्यात अघटित काही नव्हतं, मागच्या वर्षीचं नशीब परत गेलं इतकंच. अर्थात त्याच वर्षी एकवीस वर्षांनी मरिनर्स प्लेऑफमध्ये पोचले, आणि टोरोंटोविरुद्ध १-८ असे मागे पडून १०-९ने जिंकलेल्या सामन्यात नवव्या डावातला निर्णायक फटका फ्रेझरचाच होता. एका सामन्यात कोणीही नायक होऊ शकतो. पगार १६२ सामन्यांचा द्यायचा असतो.

पुढच्या हिवाळ्याचा युक्तिवाद कागदावर सुबक होता. २०२३ पासून नवा नियम येणार होता: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच अंतर्गत क्षेत्ररक्षक, आणि सगळ्यांचे पाय अंतर्गत मैदानाच्या हद्दीत. त्याआधी डावखुऱ्या फलंदाजासमोर सेकंड बेसमनला पार हिरवळीवर, उजव्या बाजूला मागे उभं करत; चपळाई कमी असली तरी खपून जाई. आता धावून चेंडू अडवणारा हवा. म्हणून मिलवॉकीहून कोल्टन वाँग आणला. क्षेत्ररक्षणाचे दोन गोल्ड ग्लव्ह पुरस्कार नावावर, आदल्या मोसमात १५ होमरन. पण वय ३२, आणि त्याच्या क्षेत्ररक्षणाची घसरण आधीच मापांत दिसू लागली होती. वाँगने सिअ‍ॅटलसाठी ०.१६५च्या सरासरीने फलंदाजी केली आणि ऑगस्टमध्ये त्याला मोकळं केलं गेलं. गोल्ड ग्लव्ह ही गेलेल्या वर्षांची पावती असते, हे हिवाळ्याच्या उत्साहात कुणी ऐकून घेत नाही.

तिसरा हॉर्हे पोलांको. जानेवारी २०२४ मध्ये मिनेसोटाला चार खेळाडू देऊन त्याला आणलं. पहिलं वर्ष वाईट गेलं: ०.२१३, १६ होमरन. इथलं मैदान फलंदाजांना मुळातच जड, पण खरं दुखणं डाव्या गुडघ्यात होतं. ऑक्टोबरमध्ये वाटीखालच्या स्नायुबंधावर शस्त्रक्रिया झाली. त्याला ठेवून घेण्याचा १ कोटी २० लाखांचा पर्याय संघाने नाकारला.

तेव्हा शहरात जी चर्चा चालली ती मला फार आवडली होती. ग्लेबर टोरेस मोकळा होता, यांकीजचा, जेमतेम अठ्ठावीसचा. ‘त्याला घ्या, मोडक्या गुडघ्याच्या माणसाला कशाला?’ असा बहुमताचा कौल. टोरेस दीड कोटीवर वर्षभरासाठी डेट्रॉइटला गेला. सिअ‍ॅटलने पोलांकोलाच परत बोलावलं, एक वर्षासाठी, साडेसत्त्याहत्तर लाखांत. लोक चिडले. ही काटकसर आहे असं म्हणण्यात ते चूक नव्हते. मालकांनी हात आखडता घेतलाच होता.

पण टोरेसही उत्तमच खेळला, ऑल-स्टारला निवडला गेला. पोलांकोने जवळपास निम्म्या पैशांत २६ होमरन मारले. १० ऑक्टोबर २०२५ला दोघे एकाच मैदानावर होते: डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना पंधराव्या डावापर्यंत लांबला, सगळे बेस भरलेले, आणि पोलांकोच्या एका साध्या हिटने ३-२ असा संपला. मग टोरोंटोविरुद्ध, ऐन दिवाळीत, सातव्या सामन्यात ४-३ने हरून मरिनर्स वर्ल्ड सीरीजच्या उंबऱ्यावरून परतले.

बून आणि पोलांको. दोघेही दुखऱ्या गुडघ्याचे, वाईट मोसमानंतरचे, एक वर्षाच्या स्वस्त करारावरचे. दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे माझ्या विषयातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळतं. असे किती तरी गुडघे पुन्हा उभे राहिलेच नाहीत, आणि त्यांची नावं आज कुणी काढत नाही. तरीही मी यातून एक हिशेब मांडते. आपण खेळाडू विकत घेत नसतो. त्याच्या किंमतीत आणि तो पुढे जे देईल त्यात जे अंतर असतं ते विकत घेतो. फ्रेझर आणि वाँगच्या किंमतीत त्यांची चांगली वर्षं आधीच मोजलेली होती. पोलांकोच्या किंमतीत त्याचं वाईट वर्ष मोजलेलं होतं, पण त्या वाईटाला दाखवता येणारं, शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्याजोगं कारण होतं. वयाला अशी शस्त्रक्रिया नसते. आणि फसलं तर एक वर्षच फसणार होतं.

डिपोटोंच्या विरोधात नेहमी काढलं जाणारं नाव आहे केटेल मार्टे. नोव्हेंबर २०१६ मध्ये सिअ‍ॅटलने त्याला अ‍ॅरिझोनाला दिलं, आणि तिथे तो लीगमधल्या सर्वोत्तम सेकंड बेसमनपैकी एक झाला. २०२४ मध्ये ३६ होमरन. मला हा आरोप अर्धाच मान्य आहे. त्या दिवशी मार्टे २३ वर्षांचा शॉर्टस्टॉप होता, वर्षभरात एक होमरन मारलेला. बदल्यात आलेला जीन सेगुरा त्या मोसमात नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक, २०३ हिट मारून आला होता, आणि जोडीला आलेला मिच हॅनिगरही पुढे ऑल-स्टार झाला. निर्णय तपासायचा तो घेतला त्या दिवशीच्या माहितीवर. पण मार्टेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: सेकंड बेसमन बाजारात महाग पडतो आणि घरातल्या शॉर्टस्टॉपांत तो स्वस्तात लपलेला असतो. सिअ‍ॅटलने २०२२च्या पहिल्या फेरीत निवडलेला कोल यंग तसाच एक. मे २०२५च्या शेवटच्या दिवशी तो वयाच्या २१व्या वर्षी मेजर लीगमध्ये आला. पहिल्या वर्षाची सरासरी ०.२११. एवढ्यावरून त्याला बाजूला सारून तिशीपारचा कुणी आणा म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. मी त्यांना नाही म्हणते.

पोलांको डिसेंबर २०२५ मध्ये मेट्सकडे गेला, दोन वर्षांसाठी ४ कोटी डॉलरवर. मेट्सनी सेकंड बेससाठी आधीच सिमिएनला आणलेलं होतं, पोलांकोला त्यांनी घेतलं ते मुख्यतः पहिल्या बेससाठी. गुडघा तोच, वय ३२, आणि किंमत वर्षाला अडीचपटीहून जास्त. आता त्या किंमतीत चांगलं वर्ष मोजलेलं होतं. त्याच्या त्या पंधराव्या डावातल्या हिटवर मीही ओरडले होते, पण या भावाला मी त्याला घेतलं नसतं, आणि सिअ‍ॅटलनेही घेतलं नाही ते बरोबर केलं.