येण्याची वाट, जाण्याची वाट

सौभाग्यवतींच्या गुडघ्यांसाठी गेल्या वर्षी आम्ही मोबाईलवर योगासनांची एक शिकवणी घेतली. पहिला महिना विनामूल्य होता. दोनदा बोट टेकवले आणि आम्ही सभासद झालो. पुढे चार महिने खात्यातून दरमहा २९९ रुपये निमूटपणे जात राहिले, हे पासबुक भरून आणल्यावर कळले. आसने तर पहिल्या आठवड्यातच थांबली होती!

सभासदत्व रद्द करायला बसलो आणि खरी कसरत सुरू झाली. ‘रद्द करा’ हे शब्द फिकट करड्या अक्षरांत अगदी तळाशी दडलेले. ते सापडले, तर कारणे विचारली. मग सवलतीचे आमिष दाखवले. शेवटी बाहेर पडण्यासाठी ज्या ओळीवर बोट ठेवायचे, ती ओळ अशी होती : ‘मला माझ्या आरोग्याची पर्वा नाही.’ सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून हे वदवून घ्यावे, याचा आम्हांला संताप आला.

उत्तरायणाला पुतणी बंगळूरहून बडोद्याला आली. मोबाईलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, शब्द कोणते असावेत, हे ठरवणे हाच तिचा व्यवसाय. तिच्यापुढे आम्ही गाऱ्हाणे मांडले. ती हसेल असे वाटले होते. पण ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “काका, असाच एक पडदा मीही केलाय.”

मग तिने सारे उलगडून सांगितले. अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव २०१० साली हॅरी ब्रिग्नल या इंग्रज आरेखकाने दिले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू खरेदीत सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, हे सारे त्यांत येते.

“मग तुम्ही हे करता कशाला?” आम्ही विचारले.

“किती ग्राहक टिकले, यावर आमचे काम मोजतात, काका. समाधानाने राहिलेला आणि कंटाळून राहिलेला, दोघेही आकड्यात सारखेच दिसतात.”

हे ऐकून उपदेशाचे शब्द आमच्या ओठांवर आले आणि तेथेच थांबले. आम्ही स्वतः तेहतीस वर्षे एका विमा कचेरीत काढली. अर्जाच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांतील अटी किती जणांना वाचून दाखवल्या? “येथे सही करा” म्हणताना आमचे बोट नेमके कोठे असे? मोबाईल तेव्हा नव्हता. बोट मात्र होते. त्या बोटावर विसंबून सह्या करणाऱ्यांचे चेहरे त्या रात्री आमच्या डोळ्यांपुढून हलेनात.

सकाळी तिनेच आपल्या विद्यालयातील एक आठवण सांगितली. ती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकली. ज्या अहवालावरून १९६१ साली ती संस्था उभी राहिली, तो १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने लिहिला होता. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून प्रशंसा केली आहे. पहिल्याच वर्षी तो अहवाल तिने वाचला होता.

देवघरातला लोटा हातात घेऊन आम्ही म्हणालो, “पोरी, यात पाणी जितक्या सहज शिरते, तितक्याच सहज बाहेर पडते. म्हणून तर त्यावर पिढ्यान्पिढ्यांचा विश्वास.”

ती काही बोलली नाही. तिच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे. नोकरी सोड, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. जाण्यापूर्वी मात्र तिने कागदावर एक नवा पडदा आखला. त्यात ‘सभासद व्हा’ आणि ‘सभासदत्व सोडा’ ही दोन्ही बटणे एकाच आकाराची, एकाच रंगाची होती. तो कागद आणि ती तत्त्वे ती वरिष्ठांपुढे ठेवणार होती.

परवा तिचा फोन आला. कागद ठेवला आहे. निर्णय व्हायचा आहे. “काका, निदान विचारले तरी,” ती म्हणाली.

तेहतीस वर्षांत आम्ही तेवढेही विचारले नव्हते.