अग्नी आणि अगोन्य

खुर्सीपार ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आश्रयाने वाढलेली वस्ती. येथे घरात मराठी बोलणाऱ्या माणसाच्या कानावर दारात हिंदी पडते, बाजारात छत्तीसगढी आणि शेजारी तेलुगू. ऐकता ऐकताच भाषा येते, असा या माणसाचा अनुभव. भिलाईत आलेल्या एका भाषेपुढे मात्र तो अपुरा पडला. ती भाषा रशियन.

१९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तज्ज्ञ आले, त्यांच्याबरोबर दुभाषेही आले. पण प्रत्येक यंत्रापाशी दुभाषा कोठून असणार?

त्या काळी विदर्भातून येथे आलेला, तिशी ओलांडलेला एखादा कारागीर डोळ्यांपुढे आणावा. हातातले कसब पक्के. आणि आता पुढ्यात मुळाक्षरांची वही. रशियनची अक्षरे तेहतीस. त्यांतली काही ओळखीची वाटतात आणि तीच फसवतात. इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ वाचायचे, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’. छापील अक्षर कसेबसे बसते, तोच हस्ताक्षरात ‘त’ हा इंग्रजी ‘एम’सारखा दिसू लागतो. इंग्रजी अजिबात न आलेला शेजारी या बाबतीत अधिक सुखी!

मग एके दिवशी शब्द भेटतात. दोन म्हणजे ‘द्वा’, तीन म्हणजे ‘त्री’, भाऊ म्हणजे ‘ब्रात’. दाराला ‘द्व्येर’ म्हणतात. मराठीतले ‘द्वार’ किती जवळ आले! विस्तव ‘अगोन्य’, धूर ‘दिम’. अग्नी आणि धूम! ज्या भट्टीपाशी दिवस जातो, तिचेच हे दोन शब्द दूरच्या नातलगांसारखे समोर उभे राहतात. नामाला तीन लिंगे आहेत, विभक्तीचे प्रत्यय आहेत. मराठी माणसाला हे ओझे नवे नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदही तेथे आहे.

वहीत हे सारे छान जमते. बोलताना मात्र जीभ अडते. ‘झामक’ म्हणजे किल्ला, ‘झमोक’ म्हणजे कुलूप. लिहिताना दोन्ही शब्द एकच; आघात सरकला की अर्थ बदलतो. कोठीचे कुलूप मागायला गेलेला माणूस किल्ला मागून बसतो. सारे हसतात. मुलाच्या वयाचा मदतनीसही हसतो, आणि तेच अधिक लागते. प्रौढ माणसाला व्याकरण शिकणे एक वेळ सोपे. आपल्या हाताखालच्या माणसांसमोर बोबडे बोलणे फार कठीण. चूक होईल म्हणून गप्प राहणाऱ्यांची वही सुंदर राहते आणि भाषा वहीतच राहते.

रात्री घरी तो रशियन अक्षरांत स्वतःचे नाव लिहून पाहतो. रशियन माणूसही आपल्या नावापुढे वडिलांच्या नावावरून आलेले नाव लावतो, हे कळल्यावर त्याला नवल वाटते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव: हा क्रम तर त्याच्या घरचाच.

दुसऱ्या दिवशी तो तज्ज्ञाला त्याच्या नावाने आणि पितृनामाने हाक मारतो आणि कुलूप मागतो. या वेळी आघात बरोबर पडतो, पण विभक्ती चुकते. तज्ज्ञ ती हळूच सुधारतो आणि पुढचे वाक्य ऐकायला थांबतो.