कपातली रुई

हेडफोनची मागची वाटी उघडली की आत बहुतेकदा फारसं काहीच नसतं. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, मागे लोहचुंबक आणि बाकी सगळी प्लास्टिकची पोकळी. पडदा पुढे सरकला की आवाज कानाकडे जातो. पण तो मागेही सरकतो, आणि मागचा आवाज त्या पोकळीत आपटून पडद्यातूनच परत कानात शिरतो. स्वस्त हेडफोनात गाणारा माणूस डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं, ते यामुळे. त्यावरचा माझा उपाय आमच्या राळेगावात दसऱ्यानंतर रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकलेला असतो. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस.

कानाला लावून ऐकणं मला बाबांकडून मिळालं. त्यांच्या ट्रान्झिस्टरला एका कानात घालायचं बोंडूक होतं. दिवसा आकाशवाणी नागपूरचे बाजारभाव मोठ्याने लागत. रात्री घर झोपलं की ते बोंडूक निघे आणि शास्त्रीय गाणं सुरू होई. कधी कधी ते माझ्या कानात देत. वसंतराव देशपांडे मी पहिल्यांदा असे ऐकले, एका कानाने, खर्ज जवळजवळ नसलेले. ते आमच्याकडचे, 1920 साली मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले. बाबांना त्याचा फार अभिमान. तो गळा अचानक जिथून जिथे झेप घेई, ते त्या बारीक बोंडकातूनही कळे. पण तानेच्या तळाशी काहीतरी आहे आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाही, ही रुखरुख तेव्हापासूनची आहे.

मग कॅसेटचा काळ आला. सोनीचा पहिला वॉकमन 1979 चा. आमच्यापर्यंत त्याच्या नकला पोचल्या त्या खूप उशिरा. त्यांच्याबरोबरच्या हलक्या हेडफोनला स्पंजाच्या टोप्या असत आणि उन्हाळ्यात त्यांचा भुगा होई. आईने जुन्या लुगड्याच्या कापडाच्या टोप्या शिवून दिल्या. टोप्या नव्या झाल्या आणि आवाजही बदलला. स, श टोचायचे थांबले. हाताने कानावर दाबून धरलं की डग्गा भरे, सोडलं की विरे. खालचे स्वर कान आणि हेडफोन यांच्या मधल्या बंद हवेवर उभे असतात. फट पडली की ते आधी गळतात. हे मी पुस्तकात फार नंतर वाचलं, कळलं मात्र त्या लुगड्याच्या टोप्यांतून.

कान पूर्ण झाकणारा हेडफोन नागपूरला सीताबर्डीवर घेतला आणि घरी आल्यावर उघडला. सरकी काढून रुई बोटांनी पिंजत बसलो होतो. बाबा म्हणाले, "कापूस मानसाच्या कानात घालतेत. तू मशीनीच्या कानात कायले भरून राह्यला?"

भरून राहिलो होतो ते असं. रुईच्या तंतूंमधून हवा ये-जा करते तेव्हा घासली जाते, आणि आवाजाची थोडी शक्ती उष्णता होऊन तिथेच संपते. बारीक, उंच आवाजांवर याचा परिणाम जास्त. हजार हर्ट्‌झची लाट साधारण 34 सेंटिमीटरची, शंभर हर्ट्‌झची जवळजवळ साडेतीन मीटरची. इतक्या लांब लाटेला चिमूटभर कापूस काय अडवणार? खर्जासाठी वेगळी जागा पाहावी लागते: कानावर बसणाऱ्या गाद्यांच्या फटी, वाटीच्या पाठीवरची बारीक भोकं, त्यांवर कागदी चिकटपट्टी किती लावायची. रुई सैल हवी. ठासली तर गाणं मुकं होतं. तिच्यात आणि पडद्यात मलमलचा तुकडा हवा, नाहीतर सुटलेला तंतू पडद्याला लागून खरखरतो. आणि एका वेळी एकच बदल करायचा, तोही ओळखीच्या गळ्यावर तपासून. अनोळखी गाण्यावर कान फसतो.

ही खटपट जगभर चालते. फॉस्टेक्सचा टी50आरपी हा हेडफोन तर लोक उघडण्यासाठीच घेतात की काय, असं वाटावं इतका उघडला जातो. मुळात चांगला हेडफोन घरातूनच आला: अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविनने स्वयंपाकघराच्या टेबलावर जुळवलेले हेडफोन 1910 साली तिथल्या नौदलाने घेतले. पण मला त्याच्याहून जवळचे वाटतात मिरजेचे कारागीर. हत्यारं पाजळणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून जवारी लावतात. केसभर पुढे-मागे, आणि तार बोलू लागते. तिथे दोरा आवाज उमलवतो, माझ्याकडे रुई नको तो आवाज गिळते. काम उलटं, पण कारागिराचं कान लावून थांबणं तेच. मी तिथूनच थांबायला शिकलो.

वायर तुटली की तीही घरीच जोडतो. लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस दोघांची सामाईक. तारांवर रोगण असतं, ते जाळून काढल्याशिवाय डाग धरत नाही.

भाचीकडे बिनवायरीची कानातली बटणं आहेत. आवाज चांगला आहे त्यांचा, हे मान्य करायलाच हवं. पण ती चिकटवून बंद केलेली. बॅटरी दमली की सगळंच फेकायचं. ज्या वस्तूतून रोज ऐकायचं तिच्या आत हात जाऊ नये, हे मला पटत नाही. तिला वसंतराव माझ्या हेडफोनवर ऐकवले. तिने सुरुवातीचा आलाप पुन्हा मागितला.

आता एक अडचण उरली आहे. आजची रुई लांब धाग्याची, मऊ. काही वर्षांत ती वाटीत बसते, दबते आणि डबा पुन्हा बोलू लागतो. बाबा सांगत, गादीला देशी कापूसच बरा. त्याचा धागा आखूड आणि राठ, दाबला तरी उसळून वर येतो. 1970 साली एच-4 हे संकरित वाण आलं, 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि देशी पऱ्हाटी आमच्या शिवारातून हटत गेली. यंदा आजीच्या काळातली एक गादी उसवली तेव्हा त्यातला मूठभर मागून घेतला. उन्हात वाळवून पिंजला आहे. उजव्या वाटीत देशी घातला, डावीत नेहमीची रुई ठेवली. जुनी रेडिओवरची ध्वनिमुद्रणं मोनो, दोन्ही कानांत तोच गळा. तुलनेला याहून चांगलं काय? सध्या उजवी बाजू किंचित मोकळी वाटते आहे. दोन-तीन पावसाळे गेले की पुन्हा उघडून पाहीन.