बाणातला ण, नळातला न

शुद्धलेखन आणि व्याकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी शिकवणाऱ्यांनाही वारंवार सांगावे लागते. 'मी भात खातो' हे 'मि भात खातो' असे लिहिल्याने व्याकरण बिघडत नाही. मोडतो तो लेखनाचा एक संकेत. तोही फार जुना नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली.

पेशवाईतला बहुतेक मराठी पत्रव्यवहार मोडीत झाला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा केलाच जात नसे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. तरीही वसुलीचे आकडे, लढाईच्या बातम्या, घरची आजारपणे असे सगळे त्या कागदांवरून ज्याला कळायचे त्याला कळले. व्हॉट्सॲपवरचा निरोप मला त्या कागदांच्या कुळातला वाटतो, ग्रंथांच्या नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घाने कधी अर्थ बदलतो, हे खरे. दर ५ सप्टेंबरला मला 'शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा' येतात. (तासिका तत्त्वावर वर्षे काढणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांच्या मते हेच लेखन अधिक शुद्ध आहे!) पण म्हणून शुभेच्छा पोचायच्या राहिल्या, असे कधी झाले नाही.

खरी बोच आहे ती ण आणि न यांच्या बाबतीत. मागे माजी विद्यार्थ्यांच्या एका गटात एका मुलीने लिहिले, 'वडील गेले. आता शिक्षन बंद होनार.' पाच मिनिटांत एका गृहस्थांचे उत्तर आले : 'शिक्षण. होणार.' एवढेच. त्यानंतर तिने तिथे एक ओळही लिहिली नाही. 'होनार' ही काही हाताची चूक नव्हे; तो तिच्या घरातला उच्चार आहे. 'पानी' म्हणणाऱ्याची जात ताडणारे कान महाराष्ट्रात अजून शाबूत आहेत, आणि हे ज्याला ऐकून घ्यावे लागले आहे त्याला अशा दुरुस्तीत व्याकरणाखेरीज बरेच काही ऐकू येते. कोल्हापूरकडच्या स्त्रिया 'मी आलो' म्हणतात. त्यांच्या बोलीचे व्याकरणच तसे आहे. ते सुधारणारे आपण कोण?

वर्गात आणि उत्तरपत्रिकेत माझे लाल पेन चालते, चालायलाही हवे. तिथे प्रमाणभाषा शिकवण्याचाच मी पगार घेतो. निरोपाचे तसे नाही. गंमत अशी, की 'शिक्षण' दुरुस्त करणाऱ्या त्याच गृहस्थांनी आठवडाभर आधी, त्याच गटात, 'कुणीतरी माझी मदत करा' असे लिहून गाडी मागितली होती. ऱ्हस्व-दीर्घ चोख, ण जागच्या जागी; वाक्य मात्र सरळ हिंदीच्या साच्यातले. मराठीत 'मला मदत करा' म्हणतात. व्याकरण बिघडले ते इथे. त्यावर कुणी काही बोलले नाही, मीही नाही. त्यांना पहाटे पुण्याला पोचायचे होते, गाडी मिळाली.