पाटावरून उठताना

तर झालं असं...

गेल्या महिन्यात धाकट्या दिरांकडे वास्तुशांत होती. तुमच्यातले बरेच जण तिथे होतेच, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही पाहिलंय. जाऊबाईंनी ओटी भरायला मला पाटावर बसवलं. बसले खरी, पण उठताच येईना! आधी जाऊबाईंनी हात दिला, मग नणंदेनं, आणि शेवटी पुतण्यानं मागून काखेत हात घालून मला उभं केलं. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. जाड माणसाला ही सवय लागलेलीच असते, दुसऱ्यांनी हसायच्या आत आपण हसून घ्यायचं.

घरी आल्यावर मात्र साडी न बदलताच कितीतरी वेळ पलंगावर बसून होते.

आता आकडे सांगूनच टाकते, लपवून काय उपयोग? उंची पाच फूट दोन इंच, वजन 108 किलो, वय 47. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती तपासणी 7.6. बाबांना मधुमेह होता हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाण्यात गेली आणि साठी काही त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या आणि माझ्यामध्ये आता फार वर्षं उरलेली नाहीत, हे त्या रात्री पहिल्यांदा मोजलं.

म्हणून गेले तीन आठवडे मी लो-कार्ब खातेय. म्हणजे पोळी, भात, पोहे, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, पनीर, दही, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी चालू. उद्दिष्ट 35 किलोंचं, मुदत दोन वर्षांची.

आणि हो, हे मनानं केलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली, मग साखरेची एक गोळी अर्धी केली. जेवणातली पोळी-भात गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर एकदम खाली उतरून चक्कर येऊ शकते. तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांनी माझं वाचून परस्पर सुरू करू नका, प्लीज.

पहिल्या आठवड्यात काटा अडीच किलोनं खाली आला. मी नाचायचीच बाकी होते! पण बाईंनी लगेच जमिनीवर आणलं. शरीरात साठवलेली साखर आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते म्हणे. ती साखर वापरली गेली की पाणीही जातं. म्हणजे गेलं ते बरंचसं पाणीच. पुढच्या दोन आठवड्यांत मिळून दीड किलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं असं दुखलं की विचारू नका. मीठ घालून ताक प्यायल्यावर जरा बरं वाटलं.

शोधताना कळलं, हे खूळ काही नवं नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते, अंत्यविधीची व्यवस्था करणारे. त्यांनी पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि 1863 साली त्यावर पदरच्या पैशानं पुस्तिका छापली. त्याआधी त्यांना बुटाचे बंद बांधता येत नसत आणि जिना उलटं होऊन उतरावा लागे. हे वाचलं आणि एकदम जवळचे वाटले हो! मीही हल्ली जिना आडवी होऊनच उतरते.

पण खरं अवघड काय आहे सांगू? पोळी सोडणं नाही. रोज सकाळी मी घरच्यांसाठी चौदा पोळ्या लाटते, तव्यावर ती फुगते, वास येतो, तेही निभतं. अवघड आहे तो आग्रह. "किती सुटलीस गं!" म्हणणारी मावशी दोन मिनिटांत जिलबीचं ताट पुढे करते, "एकानं काय होतंय?" नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. चतुर्थीला "उपासाचं आहे, खा" म्हणून साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे तर जवळजवळ नुसतं पिठूळच! आणि इतकी वर्षं मी त्या पडणाऱ्या चेहऱ्यांसाठी खाल्लंय. सगळं नाही, पण बरंच. उरलेलं माझ्या जिभेचं, ते कबूल.

सासूबाईंशी पहिल्या आठवड्यात दोनदा वाजलं. "भाताच्या शितावाचून जेवण म्हणायचं का ते?" मी गप्प. वय वर्षं 76, त्यांना काय समजावणार? बाराव्या दिवशी जेवायला बसले, तर ताटात कोबीच्या भाजीचा ढीग, वर भरपूर ओलं खोबरं. म्हणाल्या, "पोळी नाही तर नाही. भाजी तरी पोटभर घे." आणि मी नको म्हणायच्या आत आणखी एक डाव वाढला. मला हसूही आलं आणि रडूही.

म्हणजे आग्रह सुटत नाही आपल्याकडे, सुटायचाही नाही. पण त्याला दुसऱ्या पातेल्याकडे वळवता येतं.

दोन वर्षं टिकेल का, हे आज सांगत नाही. याआधी तीन वेळा सुरू करून सोडलंय, तुम्ही साक्षीदार आहात. पण मंडळी, यंदा गौरीजेवणाला येणार आहे. पुरणपोळी वाढू नका, भाजी दोनदा वाढा, कोशिंबीर तीनदा. आणि माझ्यासाठी मुद्दाम खुर्ची आणू नका, पाटच मांडा. उठायला वेळ लागला, तर थांबा जरा.